छापलेले किती, वाचलेले किती

नर्सिंग कॉलेजात प्राध्यापकपदाची मुलाखत चालू असते. पॅनेलपुढच्या फाइलीत पहिला कागद प्रकाशनांचा. पेपर किती, सायटेशन (म्हणजे इतर निबंधांतले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती, स्कोपस या सूचीतले किती. वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या, कैक मुलींना हात धरून शीर शोधायला शिकवलेल्या बाईंचा हिशेब या चार आकड्यांत आटोपतो. तुमच्या संशोधनाने कुठल्या वॉर्डात काय बदललं, असं कुणी विचारत नाही.

हा प्रश्न पहिला हवा. तो शेवटीही येत नाही, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

एच-इंडेक्स ही होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाची २००५ मधली कल्पना. तुमच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. हर्श यांच्या विषयात निबंध जो वाचतो तोच बहुधा पुढचा निबंध लिहितो. म्हणून उल्लेख मोजले की वापरही बऱ्यापैकी मोजला जातो. नर्सिंगमध्ये संशोधन वापरायचं असतं ते रात्रपाळीच्या स्टाफ सिस्टरने, आणि ती निबंध लिहीत नाही. तिने एखादा निबंध वाचून दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची शिस्त वॉर्डाला लावली, दहा जणांच्या पाठी वाचवल्या, तरी त्या निबंधाच्या खात्यात एकही सायटेशन जमा होत नाही. उलट वॉर्डाची पायरी न चढलेल्या कुणी आपल्या लेखाच्या शेवटच्या यादीत त्याचं नाव टाकलं, की एक जमा. जो आकडा खरा वापर बघू शकत नाही, त्याच्यावर आपण नेमणुका, बढत्या आणि कॉलेजांच्या श्रेणी ठरवतो.

बेडसोअरचंच घ्या. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकन नर्सिंग-संशोधकांनी तयार केलेली मोजपट्टी १९८७ साली प्रसिद्ध झाली. सहा गोष्टी बघायच्या: दुखलं-खुपलं पेशंटला कळतंय का, अंग ओलं राहतंय का, तो उठतो-फिरतो किती, खाटेवर स्वतःहून कूस बदलतो का, पोटात अन्न किती जातं, आणि सरकवताना अंग चादरीला घासतंय का. गुणांची बेरीज ६ ते २३ मध्ये येते. बेरीज जितकी कमी तितका धोका मोठा. १८ किंवा त्याहून कमी भरली की सावध व्हायचं. यंत्र नको, वीज नको, कागद-पेन पुरतं. या मोजपट्टीला सायटेशन भरपूर मिळाली, पण तिचं खरं मोल तो तक्ता भरणाऱ्या सिस्टरच्या पुढच्या कृतीत आहे: बेरीज खाली आली म्हणून तिने एअर बेड मागवला, नातेवाइकांना कूस कशी बदलायची ते दाखवलं, हँडओव्हरमध्ये ते ठळक सांगितलं. यातलं काहीच कुठल्या सूचीत उमटत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर नोव्हेंबर १९७३ पासून मे २०१५ पर्यंत रुग्ण म्हणून होत्या, जवळजवळ ४२ वर्षं. त्यातली बहुतेक खाटेवर. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात तिथल्या परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईंना बेडसोअर नाही, याचीही दखल तिथे घेतली गेली. या काळात इन्चार्ज बदलल्या, मेट्रन निवृत्त झाल्या, नव्या मुली रुजू झाल्या, आणि निगा एका पिढीच्या हातून दुसरीच्या हातात जात राहिली. हे नर्सिंगचं फार मोठं कर्तृत्व आहे. अशा कामाची पद्धत नेमकी टिपणं, ती दुसऱ्या वॉर्डांना शिकवणं आणि तिथे ती टिकते का ते पाहणं, हे नर्सिंग-संशोधनाचं पहिलं कर्तव्य. ते करणाऱ्या बाईंचा एच-इंडेक्स तीन असला तरी मला चालेल.

आता नर्सिंगमध्ये सायटेशनचा पाऊस कशावर पडतो ते बघा. स्वीडनच्या ग्रानहेम आणि लुंडमन यांचा २००४ चा निबंध, फिनलंडच्या एलो आणि क्युंगास यांचा २००८ चा निबंध. दोन्ही या क्षेत्रातले सर्वाधिक उल्लेखले जाणारे. विषय काय, तर मुलाखतींतून गोळा झालेल्या मजकुराचं विश्लेषण कसं करावं. निबंध उत्तम आहेत, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण ते इतके उल्लेखले जातात, कारण मुलाखती घेणाऱ्या प्रत्येकाला पद्धतीच्या परिच्छेदात कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं. तो आकडा सांगतो की जगात मुलाखतींचे अभ्यास पुष्कळ झाले. एखाद्या पेशंटचं दुखणं कमी झालं का, हे तो सांगत नाही आणि सांगूही शकत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरचं, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती उल्लेख मिळतात त्या आकड्याचंही, तेच. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या एका नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनशेच्या वर जातो, कारण कॅन्सरची वार्षिक आकडेवारी तिथे छापली जाते आणि जगभरचे संशोधक आपल्या निबंधाचं पहिलं वाक्य तिथून घेतात. नर्सिंगची चांगली नियतकालिकंसुद्धा एकेरी आकड्यांत असतात. दोघांना एका तक्त्यात बसवून नर्सिंग विभागाला 'तुमचा स्कोअर कमी' म्हणून ऐकवणं हा सरळ अन्याय आहे. शिवाय तो आकडा निघतो मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांवर. वॉर्डाची एक सवय बदलायला दोन वर्षं पुरत नाहीत, हे कुठलीही इन्चार्ज सिस्टर सांगेल.

हे झालं जगाचं. आपल्याकडे दुखणं वेगळंच आहे.

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांची शीर्षकं ओळीने वाचा. अमुक शहरातल्या निवडक भागांतल्या मातांच्या तमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास. दरवर्षी शहर बदलतं, आजार बदलतो, साचा तोच. साठ सँपल. आधी प्रश्नावली, ती प्री-टेस्ट. मग चार्ट आणि फ्लॅशकार्ड घेऊन पाऊण तास शिकवणं. सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा, ती पोस्ट-टेस्ट. गुण वाढतात, टी-टेस्ट लावतात, आणि निष्कर्ष येतो की कार्यक्रम परिणामकारक ठरला.

गुण वाढणारच! प्रश्न तेच, उत्तरं मध्ये सांगून झालेली, आणि ज्यांना काहीच शिकवलं नाही असा तुलनेचा गट बहुतेकदा घेतलेलाच नाही. ज्या आईला जुलाबाविषयी शिकवलं, तिने तीन महिन्यांनी घरातल्या बाळाला वेळेवर ओआरएस पाजलं का, हा प्रश्न त्या प्रबंधात नसतो. तिला पाकीट जवळच्या दुकानात मिळालं का, पाणी उकळायला गॅस होता का, सासूने 'आधी दूध बंद कर' सांगितलं तेव्हा तिने काय केलं, हेही नसतं. खरं नर्सिंग तिथून सुरू होतं, आणि प्रबंध पोस्ट-टेस्टपाशीच संपतो.

मग त्याचा पेपर होतो. मुलीचं नाव, गाईडचं नाव, को-गाईडचं नाव, प्राचार्यांचंही नाव. सगळ्यांच्या यादीत एकेक भर. पुढच्या वर्षी पुढची बॅच तोच साचा घेते आणि मागच्या बॅचचा पेपर संदर्भात टाकते. सायटेशन वाढत जातात. वस्तीतल्या बाळाच्या वाट्याला काही येत नाही.

यात मुलींना दोष देणं मला मंजूर नाही. डेटा गोळा करायला त्यांना मोजके आठवडे मिळतात. क्लिनिकल पोस्टिंग सुटत नाही. अधीक्षकांच्या परवानगीसाठी तीन-तीन चकरा, प्रश्नावलीच्या झेरॉक्स स्वतःच्या पैशांनी, संख्याशास्त्राचे सर चार कॉलेजांना मिळून एक. 'निवडक भाग' म्हणजे बहुधा कॉलेजची बस जिथे जाते तो भाग. एवढ्या तुटपुंज्या साधनांत साच्याबाहेर पाऊल टाकायचं धाडस कुणी करायचं? विषय घेताना एखादी मुलगी म्हणतेही, की आमच्या वॉर्डात रात्री एकाच सिस्टरकडे इतके पेशंट असतात, त्याचा काय परिणाम होतो ते मला बघायचंय. तिला सांगतात, परवानगी मिळणार नाही, साधा विषय घे. नर्सिंगचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असा सिनॉप्सिसच्या टेबलावरच मरतो.

आकड्यांची ही सक्ती वरून आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये गुणांची पद्धत आणली, एपीआय. पेपरला गुण, गुणांना बढती. लगोलग पैसे भरा आणि छापा म्हणणारी नियतकालिकं उगवली. परीक्षण नावापुरतं, स्वीकृती दोन दिवसांत. मग आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीतली एक हजारावर नियतकालिकं तपासली, आणि ८८ टक्क्यांहून अधिक साध्या-साध्या निकषांत बसली नाहीत. हा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. आयोगाने त्याच वर्षी मे महिन्यात ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. नंतर केअर नावाची नवी यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती आयोगाने २०२२ मध्ये काढली, ते चांगलं केलं. पण संस्थांच्या श्रेणी आणि क्रमवारीत पेपरांचा आकडा आजही मोजला जातो, म्हणून प्राचार्यांचा तगादाही संपलेला नाही.

पटवर्धनांच्या त्या अभ्यासाविषयी मला विशेष आदर आहे. आपल्याच विद्यापीठात बसून, आपल्याच आयोगाच्या यादीवर बोट ठेवायला हिंमत लागते. आणि बघा, त्याचा परिणाम सायटेशन मोजून कळत नाही. यादीतून नावं गेली, हा परिणाम.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या बायकांचं खास नुकसान करते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मराठी मुलीच्या नावात वडलांचं नाव मध्ये, आडनाव शेवटी. लग्न झालं की मधलं बदलतं, शेवटचं बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतात. एम.एस्सी.चा पेपर माहेरच्या नावाने, पीएच.डी.चा सासरच्या. सूची तयार करणाऱ्या संगणकाला या दोन वेगळ्या बाया वाटतात. एकीच्या कष्टाचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तुकड्यांचा एच-इंडेक्स किरकोळ. भरीस भर म्हणून नियतकालिकं पहिल्या नावाचं आद्याक्षर तेवढं ठेवतात, मग एस. पाटील आणि एस. जाधव यांच्या गर्दीत कुणाचं काय ते शोधणं अशक्य होतं. त्याच कॉलेजात त्याच वर्षी लागलेल्या पुरुष सहकाऱ्याला हा प्रश्न कधीच पडत नाही. नर्सिंगमध्ये बहुसंख्य बायकाच, म्हणून हा तोटा एकीदुकीचा न राहता अख्ख्या विषयाचा होतो. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. ऑर्किड नावाचा १६ अंकी ओळख-क्रमांक २०१२ पासून मिळतो. लग्नाने तो बदलत नाही, घटस्फोटानेही नाही. एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलीचा तो काढून द्यावा. कॉलेजने हे एक काम उद्या केलं तरी चालेल.

प्रकाशनांची यादी वाचण्यासारखी असू शकते, हे मात्र मला ठासून सांगायचंय. लिंडा एकेन यांची यादी वाचा. त्या स्वतः नर्स, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधक. त्यांच्या गटाचा २००२ चा निबंध 'जामा'त आला. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, १०,१८४ परिचारिका, शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. चाराऐवजी आठ रुग्ण असतील तर ३१ टक्क्यांनी. आठ म्हणजे आपल्या जनरल वॉर्डातल्या सिस्टरला निवांत ड्यूटी वाटेल. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेची शिफारस शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका अशी आहे. एखाद्या सरकारी रुग्णालयात रात्री अकरानंतर चक्कर मारा आणि स्वतः मोजा.

पुढे २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये युरोपच्या ९ देशांचा अभ्यास आला: ३०० रुग्णालयं, ४,२२,७३० रुग्ण. एक रुग्ण वाढला की तिथेही ७ टक्के. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडने २०१६ मध्ये काही रुग्णालयांत दिवसा चार रुग्णांमागे एक आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका सक्तीची केली. एकेन यांच्या गटाने त्याचाही पाठपुरावा केला. २०२१ चा निष्कर्ष असा, की मृत्यू कमी झाले, परत भरती होणारे वाढले नाहीत, आणि वाचलेला खर्च नव्या परिचारिकांवरच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला. वित्त विभागाच्या सचिवांपुढे ठेवायला याहून चांगला कागद नाही. एकेन यांना सायटेशन अमाप आहेत. त्या यादीचं वजन मात्र यात आहे, की नव्या भरतीचा प्रस्ताव मांडणाऱ्या कुणालाही तिच्यातला निबंध पुराव्यादाखल पुढे ठेवता येतो.

आणि २००२ च्या त्या अभ्यासाला लागलं काय? राज्याच्या परवानाधारक परिचारिकांची यादी, तिच्यावरून निम्म्यांना टपालाने पाठवलेली प्रश्नावली, आणि रुग्णालयांनी राज्याला दिलेली डिस्चार्जची नोंद. यातलं आपल्याकडे काय नाही? परिचारिकांची यादी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आहे. एम.एस्सी. करणाऱ्या मुली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत राज्यभर पसरल्या आहेत, आणि त्यांच्या पोस्टिंग त्याच वॉर्डांत लागतात. आज त्या एकेकट्या साठ-साठ सँपल गोळा करतात. एका वर्षी सगळ्यांना एकच तक्ता द्या. ही पाळी, हा वॉर्ड, पेशंट किती, नोंदणीकृत परिचारिका किती, नवे बेडसोअर किती, खाटेवरून पडले किती, सलाइनची जागा सुजली किती, औषधाची वेळ चुकली किती. साठ सँपलचा प्रबंध एकटा काही सांगत नाही. जिल्ह्या-जिल्ह्यांतून जमलेल्या हजारो पाळ्यांची नोंद विधिमंडळात मांडता येते. निबंधावर नावं त्या सगळ्या मुलींची घाला. निकाल मराठीत छापून प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर लावा, कारण तो आधी त्यांनीच वाचायचा आहे.

अधीक्षकांना भीती असते ती आकडे वर्तमानपत्रांत जाण्याची. पहिल्या वर्षी रुग्णालयांची नावं झाकून ठेवा, तुलना होईपर्यंत. पण मोजू नका म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. ज्या रुग्णालयात बेडसोअर मोजले जात नाहीत, तिथेही ते होत असतातच.

आणि बढतीच्या अर्जात प्रकाशनांच्या यादीआधी तीन ओळींची जागा ठेवा: तुमच्या कामामुळे कुठल्या वॉर्डातली कुठली पद्धत बदलली, ती दोन वर्षांनी टिकून आहे का, आणि हे कोण सांगेल. शेवटच्या ओळीत त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचं नाव असावं आणि पॅनेलने तिला फोन करावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्याने २०१३ पासून जगाला हेच सांगितलंय, की नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचं काम ठरवू नका. जग ते कधी अमलात आणेल याची वाट बघत बसायची गरज नाही. अर्जाचा नमुना विद्यापीठाच्या हातात आहे, आणि तक्ता भरायची परवानगी देणारं एकच पत्र मंत्रालयातून सगळ्या रुग्णालयांना गेलं, तर येत्या बॅचलाच कामाला लावता येईल.